एकदा वापरलेला डॉक्टरी माल : काय धुवायचे, काय तोडायचे आणि कशाला हात लावायचा नाही

शहाडच्या एका भंगार व्यापाऱ्याने आमच्याकडे विचारणा केली आहे. कल्याण आणि उल्हासनगरच्या काही खाजगी दवाखान्यांत सफाईचे काम करणारी मुले अधूनमधून त्यांच्या वखारीत गोण्या घेऊन येतात. त्यांत सलाईनच्या बाटल्या, नळ्या, सिरिंजा, हातमोजे असा माल असतो. सलाईनच्या बाटलीचे प्लॅस्टिक पांढरे व एकजिनसी असल्यामुळे दाणा बनविणारे त्याला भाव देतात. अलीकडे एक गृहस्थ येऊन सांगू लागले की, बाटल्या तुम्ही ठेवा, पण न तुटलेल्या नळ्या आणि कॅथेटर वेगळे काढून आम्हाला द्या. किलोने नव्हे, नगाने पैसे देऊ. कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, परदेशात आता असा माल धुऊन पुन्हा वापरतात, त्यामुळे कचरा कमी होतो, पर्यावरणाचे रक्षण होते. हे खरे आहे काय आणि हा सौदा करावा काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

परदेशाबद्दल त्या गृहस्थांनी सांगितले ते खरे आहे. सौदा मात्र करू नये. ही दोन उत्तरे एकमेकांना छेदणारी वाटतील, म्हणून विषय जरा सविस्तर मांडत आहोत. भंगार, प्लॅस्टिक, पॉवरलूम आणि शिलाई यांवर आपल्या समाजातील हजारो घरांची रोजी चालते आणि या चारही धंद्यांचा रुग्णालयाशी कुठे ना कुठे संबंध येतो.

'एकदाच वापरा' हे कोण ठरवितो?

ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना काचेची सिरिंज आठवत असेल. कंपाउंडर ती स्टोव्हवर पाण्यात उकळत असे आणि तीच सिरिंज दिवसभर चालत असे. १९८० च्या दशकात एड्सची भीती जगभर पसरली, कावीळ ब चा धोका लोकांना कळू लागला आणि प्लॅस्टिकची, एकदा वापरून फेकायची सिरिंज घरोघर माहीत झाली. सुई-सिरिंजेच्या बाबतीत हा बदल योग्यच होता. त्याविषयी दुमत नाही.

परंतु त्याच लाटेत शेकडो इतर वस्तूंवरही तोच शिक्का बसला. वेष्टनावर वर्तुळात २ हा आकडा आणि त्यावर तिरकी रेघ दिसली, तर ती वस्तू दुसऱ्यांदा वापरायची नाही असे समजावे. हा शिक्का कारखानदार मारतो. दुसऱ्या वापरासाठी त्याने वस्तूची परीक्षा केलेली नसते, म्हणून तो 'एकदाच' असे छापून मोकळा होतो. शिवाय फेकलेल्या प्रत्येक नगामागे एक नवा नग खपतो, हा हिशेबही आपल्यासारख्या व्यापाऱ्यांना समजावून सांगायला नको. वस्तूची घडण तीच ठेवून केवळ शिक्का बदलला गेल्याची उदाहरणे अमेरिकेत पुढे आलेली आहेत.

मग धुऊन वापरायला हरकत कोणती? हरकत धुण्यातच आहे. स्वच्छ आणि निर्जंतुक या दोन वेगळ्या गोष्टी होत. कल्हई करणाऱ्या कारागिराला हे लगेच समजेल : भांडे आधी नीट घासून घेतले नाही तर कथील धरत नाही, वरून कितीही चमक आणा. तसेच येथे आहे. नळीच्या आत रक्ताचा पातळ थर राहिला तर त्याखाली वाफ किंवा गॅस पोहोचत नाही. लोखंडी कात्री-चिमटे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे ठेवता येतात. पण हृदयात घालायच्या कॅथेटरचे प्लॅस्टिक त्या उष्णतेत टिकत नाही. त्यासाठी इथिलीन ऑक्साइड नावाचा गॅस वापरतात. हा गॅस पेट घेणारा आहे आणि कर्करोगास कारणीभूत ठरणारा आहे. निर्जंतुक केलेला माल कित्येक तास हवेवर ठेवून त्यातील गॅस काढून टाकावा लागतो. बादलीत डेटॉल टाकून आणि उन्हात वाळवून हे काम होत नाही.

डायलिसिसची नळकांडी

पुनर्वापराचे सर्वांत जुने आणि आपल्या देशात उघडपणे चालणारे उदाहरण म्हणजे डायलायझर. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त या पारदर्शक नळकांड्यातून फिरवून शुद्ध करतात. आत केसासारखे हजारो पोकळ तंतू असतात. शहाडच्या वाचकांसाठी एक गंमतीची गोष्ट : पूर्वी हे तंतू सेल्युलोजचे असत, म्हणजे सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात ज्या जातीचा धागा निघतो त्याचेच ते भाऊबंद. आता ते बहुधा पॉलिसल्फोन या प्लॅस्टिकचे असतात.

रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, दर वेळी चार तास हा उपचार घ्यावा लागतो, तोही जन्मभर किंवा मूत्रपिंडाचे रोपण होईपर्यंत. दर वेळी नवे नळकांडे म्हटले तर रिक्षावाल्याचे किंवा कारागिराचे घर वर्षभरात कर्जात बुडते. म्हणून अनेक केंद्रांत तेच नळकांडे धुऊन त्याच रुग्णाला पुन्हा लावतात. 'त्याच रुग्णाला' हे शब्द महत्त्वाचे. नळकांड्यावर रुग्णाचे नाव लिहिलेले असते आणि ते दुसऱ्याला कधीही लावायचे नसते. कावीळ ब असलेल्या रुग्णाचे नळकांडे तर धुवायचेच नाही असा दंडक आहे.

काम कसे चालते पाहा. गाळलेल्या शुद्ध पाण्याने नळकांडे उलटसुलट दाबाने धुतात. मग आत किती द्रव मावतो ते मोजतात. नव्या असताना मावत होता त्याच्या ८० टक्क्यांहून कमी भरला तर तंतू बुजले असे समजून नळकांडे फेकून देतात. हवेचा दाब देऊन गळती तपासतात. त्यानंतर पेरॅसेटिक ॲसिडचे द्रावण भरून सुमारे ११ तास ठेवतात आणि पुढच्या वापरापूर्वी ते धुऊन, औषधाचा अंश उरला नाही याची पट्टीने खात्री करतात. वापर कितवा आहे ते वहीत लिहिले जाते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील बहुसंख्य डायलिसिस केंद्रे हेच करीत होती. पुढे नळकांडी स्वस्त झाली तेव्हा तेथे ही पद्धत मागे पडली.

या सगळ्यात वजनाची गोष्ट कोणती? माप आहे, वही आहे, नाव आहे, आणि कोणत्या क्षणी फेकायचे ते आधीच ठरलेले आहे. भंगाराच्या गोणीतून आलेल्या नळीला यापैकी एकही गोष्ट नसते.

वांद्र्याला आलेले पेसमेकर

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे आणि त्याची जगातील वैद्यकीय नियतकालिकांत दखल घेतली गेली. हृदयाचे ठोके मंद झालेल्या माणसाच्या छातीत पेसमेकर बसवितात. त्याची बॅटरी बरीच वर्षे चालते, पण माणूस त्याआधीच दगावला तर चालू यंत्र वाया जाते. अमेरिकेत अंत्यविधी करणाऱ्या संस्थांकडून, मृताच्या नातेवाइकांच्या संमतीने, असे पेसमेकर गोळा करण्यात आले. १२१ यंत्रांपैकी बॅटरी पुरेशी शिल्लक असलेली ५३ निवडली गेली आणि वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ती निर्जंतुक करून ५३ गरीब रुग्णांना बसविण्यात आली. यंत्रामुळे जंतुसंसर्ग झाल्याचे आढळले नाही. हा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी दुसरा अहवाल आला. तो विजेचा धक्का देऊन बंद पडू पाहणारे हृदय चालू करणाऱ्या, त्याहून महाग यंत्रांचा होता. मुंबईच्या ८१ रुग्णांना अशी वापरलेली यंत्रे बसविली होती आणि जंतुसंसर्ग एकालाही झाला नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. यश लोखंडवाला या दोन्ही कामांत होते.

पुढे २०२० मध्ये मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास आणि डोमिनिकन रिपब्लिक या देशांतील १,०५१ रुग्णांचा हिशेब कॅनडातील डॉक्टरांनी मांडला. वापरलेले यंत्र बसविलेल्यांत दोन वर्षांत शंभरी दोघांना जंतुसंसर्ग झाला, तर नवे यंत्र बसविलेल्यांत शंभरी सुमारे सव्वा. हा फरक शास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही.

येथे एक गोष्ट ओघाने सांगतो. आपल्या देशात दहनापूर्वी पेसमेकर काढून घेतात, कारण चितेच्या आगीत तो फुटतो. दफनात मात्र तो देहाबरोबर जमिनीत जातो. तो काढून गरजूला देणे दुरुस्त आहे की नाही हा मसला उलमांनी पाहायचा आहे. वांद्र्याच्या त्या यंत्रांतून जगलेल्या माणसांची बाजू त्यांच्यापुढे कुणी तरी मांडावी, एवढे मात्र आम्हाला वाटते.

परदेशात काय चालते

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० साली नियम केला की, जो कोणी एकदा वापरलेले उपकरण पुन्हा तयार करील त्याच्यावर मूळ कारखानदाराइतकीच जबाबदारी राहील. तेव्हापासून तेथे हा स्वतंत्र, मोठा उद्योग झाला आहे. कंपन्या रुग्णालयांतून कॅथेटर गोळा करतात, धुतात, प्रत्येक नग तपासतात, स्वतःच्या नावाने पुन्हा विकतात आणि तो नव्यापेक्षा स्वस्त देतात. जर्मनीतही हे बऱ्याच वर्षांपासून चालते. युरोपात २६ मे २०२१ पासून नवे नियम लागू झाले. तेथे परवानगी द्यायची की नाही हे प्रत्येक देशावर सोडले आहे आणि पुन्हा तयार करणारा हाच कायद्याने 'उत्पादक' ठरतो. हृदयाच्या एका प्रकारच्या कॅथेटरचा हिशेब २०२१ मध्ये जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने मांडला. नवा बनविण्याऐवजी जुना पुन्हा तयार केला तर हवामानाला अपाय करणारे वायू निम्म्यावर येतात असे त्यात दिसले.

आपल्या देशातील नमुना पाहायचा तर मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय पाहावे. तेथे एका मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमागे हवेत जाणारा कार्बन ब्रिटनमधील तशाच शस्त्रक्रियेच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतका आहे, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. अवजारे लगोलग वाफवून पुन्हा घेणे, कापडी वस्तू धुऊन वापरणे, औषधाची बाटली एका रुग्णासाठी उघडून उरलेली फेकून न देणे, अशी त्याची साधी कारणे आहेत.

आपल्याकडे रुग्णालयांना मानांकन देणारे एनएबीएच हे मंडळ पुनर्वापराबाबत लेखी धोरण मागते. कोणती वस्तू, किती वेळा, कोणाच्या सहीने, हे कागदावर हवे.

आता दुसरी बाजू

गुजरातमधील मोडासा गावात २००९ च्या सुरुवातीस कावीळ ब ची साथ आली. अनेक माणसे प्राणास मुकली. वापरलेल्या सुया आणि सिरिंजा पुन्हा वापरल्याचे चौकशीत दिसून आले, डॉक्टरांना अटक झाली आणि त्यानंतरच्या छाप्यांत वापरलेल्या वैद्यकीय मालाचे साठे सापडले. असा माल कोणी तरी गोळा केल्याशिवाय, कोणी तरी निवडल्याशिवाय आणि कोणी तरी विकत घेतल्याशिवाय साठतो काय? नगाने पैसे देऊ पाहणारे गृहस्थ याच साखळीतले असण्याचा संभव मोठा आहे.

शहाडच्या अगदी शेजारी, उल्हासनगरात, मे २०२१ मध्ये कोरोनाच्या तपासणीच्या काड्या झोपडपट्टीतील घरांत, जमिनीवर बसून, बायका-मुले हातमोज्यांशिवाय पाकिटांत भरत असल्याची चित्रफीत बाहेर आली. पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. काड्या नव्याच होत्या. पण पाकिटात जाताना त्या निर्जंतुक राहिल्या नव्हत्या. नगावर मजुरी घेणाऱ्या त्या बायकांना आपण कशाला हात लावतो आहोत हे कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. त्याच्या आदल्या महिन्यात जळगावच्या औद्योगिक वसाहतीत कापसाऐवजी वापरलेले मास्क भरून गाद्या बनविणारा कारखाना पकडला गेला. गादीचा धंदा आपल्या पिंजारी-मन्सुरी बांधवांचा पिढीजात. अशी एक बातमी साऱ्या धंद्याला डाग लावते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, ही सहीह मुस्लिममधील हदीस आपण मशिदीत अनेकदा ऐकली आहे. पावसाने भिजले असे व्यापारी म्हणाला तेव्हा, मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले. ओले धान्य विकूच नको असे त्याला सांगितले गेले नाही, ही बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आमच्या मते या साऱ्या विषयाची किल्ली तीच आहे. वांद्र्याच्या रुग्णांना यंत्र जुने आहे हे सांगून ते फुकट बसविले गेले. याउलट एकच कॅथेटर तीन रुग्णांना वापरायचा आणि तिघांच्या बिलात नव्याची किंमत लावायची, अशा तक्रारी येतात, ती ओली रास खाली दडविणे होय. मग रुग्णालय कितीही मोठे असो. आपल्या घरचा रुग्ण हृदयाच्या इलाजासाठी दाखल होईल तेव्हा उपकरण नवे की वापरलेले आणि बिलात कोणता दर लावला, हे विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. नव्या नगाचे वेष्टन व त्यावरील चिकटपट्टी मागून घ्यावी.

वखारवाल्यांनी काय करावे

या कचऱ्याचे नियम प्रथम १९९८ मध्ये झाले आणि २०१६ मध्ये नव्याने आले. लाल पिशवीत नळ्या, सलाईनच्या बाटल्या, सुईविना सिरिंजा, हातमोजे. पांढऱ्या डब्यात सुया व पाती. निळ्यात काच आणि धातूचे रोपण. पिवळ्यात शरीराचे भाग, रक्ताने माखलेला कापूस व तत्सम जाळायचा माल. पिशव्यांवर बारकोड असतो. लाल पिशवीतला माल सामायिक प्रक्रिया केंद्रात निर्जंतुक करून त्याचे तुकडे करावे लागतात. तुकडे करण्याची अट मुद्दाम घातली आहे, म्हणजे तो पुन्हा दवाखान्यात जाऊ नये. असे तुकडे झालेले प्लॅस्टिक नोंदणीकृत पुनर्चक्रण व्यावसायिकाला विकता येते. तो धंदा सरळ आहे आणि ज्यांच्याकडे ग्राइंडर व दाणा मशीन आहे त्यांनी त्यासाठी नोंदणी करून घ्यावी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय कल्याणातच आहे. औषधांचे खोके, पुठ्ठे, न माखलेली वेष्टने हा साधा कचरा होय, तो घेण्यास अडचण नाही. सफाईच्या मुलाने परस्पर आणलेली गोणी मात्र घेऊ नये, मग ती धुतलेली का असेना.

कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी वखारीत निवडायला बसणाऱ्या पोरांचा विचार करावा. कावीळ ब चा विषाणू सुकलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो. बाधित सुई टोचल्यास एचआयव्ही होण्याचा संभव हजारात सुमारे तीन, कावीळ क चा शंभरात दोन-तीन, आणि लस न घेतलेल्याला कावीळ ब चा संभव शंभरात तीसपर्यंत जातो. कावीळ ब ची लस तीन डोसांत, सहा महिन्यांत पूर्ण होते. निवडणाऱ्या प्रत्येक माणसाला ती मालकाने आपल्या खर्चाने द्यावी. टोचले तर जागा साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे.

कापडाचा धंदा

वापरा आणि फेका या पद्धतीचा सर्वांत मोठा ढीग नळ्यांपेक्षा गाऊन, चादरी, टोप्या यांचाच असतो. येथे आपल्या कारागिरांना जागा आहे. धुऊन वापरायचा शस्त्रक्रियेचा गाऊन साधारण ७५ धुण्या टिकेल असा बनवितात. २०२० मधील एका अमेरिकी हिशेबात फेकायच्या गाऊनपेक्षा त्यामागे ऊर्जा निम्म्याहून कमी आणि कचरा पाचव्या हिश्श्याहून कमी आढळला. भिवंडीचे माग आणि उल्हासनगर-कल्याणची शिलाई शहाडच्या दोन्ही बाजूंना आहे. २०२० मध्ये पीपीई किट शिवलेल्यांना या कामाची थोडीफार ओळखही आहे.

मात्र साधे सुती कापड रक्त झिरपू देते. मोठ्या शस्त्रक्रियेच्या गाऊनला घट्ट विणीचे पॉलिस्टर लागते. सुती कापड वाफेत ठेवायच्या अवजारांच्या बांधणीस, चादरीस आणि लहान कामांस चालते. रंग हिरवा किंवा निळा मागतात, कारण सतत लाल पाहून सर्जनच्या डोळ्यांवर ताण येतो. कापड शिवण्याआधी धुऊन आटवून घ्यावे. शिवणीत मोकळा धागा राहू नये, कारण त्याचा तंतू जखमेत पडतो. गाऊनच्या कडेला चौकटींची पट्टी छापून द्यावी, म्हणजे धुणारा दर धुण्याला एक खूण करील आणि कितवी धुणी झाली ते रुग्णालयाला कळेल. आधी दोन-चार नग शिवून पंचवीस वेळा गरम पाण्यात धुऊन व वाफवून पाहावेत आणि मगच भाव सांगावा. रुग्णालयांची उधारी लांबते, तेव्हा पहिली ऑर्डर लहान नर्सिंग होमची घ्यावी आणि कापडाचे निम्मे पैसे आगाऊ मागावेत.